श्वासातला होकार

कॅनडातल्या आमच्या चिमुकल्या बेट-प्रांतात उन्हाळा हा ऋतू कमी आणि धंदा जास्त असतो. जुलैत आमच्या गेस्टहाउसमध्ये खोली मिळायची नाही. पाहुणे लाल मातीचे फोटो काढत, लॉब्स्टर खात आणि तृप्त होऊन जात. ऑक्टोबरात हंगाम संपून गेस्टहाउसची पाटी उतरली की माझ्यासारखी माणसं मोकळी. कॉलेज संपवून मी तिथे फ्रंट डेस्कवर लागले होते. माझ्यासारख्या अबोल मुलीला तिथे का बसवलं, ते मालकीणबाईच जाणोत.

पर्यटन आणि उद्योग यांमुळे प्रांताची भरभराट चालली आहे, असं रेडिओवर सारखं सांगत. ती भरभराट माझ्या वर्क परमिटपर्यंत पोहोचावी, एवढंच माझं म्हणणं होतं. बेटावर कायमचं राहायचं तर बारमाही नोकरी हवी होती, आणि मला राहायचं होतं. बेटाबाहेर, मिल्टन शहरात राहणाऱ्या माझ्या मावशीला हे पटत नसे. बटाटे आणि पाणी सोडून तिथे आहे काय, आमचं बेसमेंट रिकामं आहे, इकडे ये, असं तिचं चालू असायचं.

मालकीणबाईंच्या भावाचा विमानाचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. तिथल्या ऑफिसात माणूस हवाय असं कानावर आलं. विचारायचा धीर यायला मला अख्खा सप्टेंबर लागला. बाई चादरींच्या घड्या घालत होत्या. माझं नाव सुचवाल का, असं मी हळूच विचारलं. त्यांनी चटका बसल्यासारखा झटकन श्वास आत ओढला आणि पुढची चादर उचलली.

आमच्या घरी नकार असाच येतो. आई 'च्च' करते आणि विषय संपतो. मी सॉरी म्हणाले, चादरीचं दुसरं टोक धरलं आणि संध्याकाळी मावशीला कळवून टाकलं, येते.

आठवड्याभराने बाईंनी विचारलं, "भाऊ तुझी वाट बघतोय. जाणार आहेस की नाही?"

"पण तुम्ही तर नाही म्हणालात."

"मी? कधी?"

सांगता येईना, म्हणून मी तो आवाज काढून दाखवला. बाई जिन्यातच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अगं, ते 'हो' होतं."

बेटावरची जुनी माणसं 'हो' श्वास आत घेत म्हणतात. इंग्रजी माध्यमातली माझी सगळी वर्षं तिथे फुकट गेली होती. बाईंनी स्वयंपाकिणीला बोलावून तिच्याकडूनही तसं म्हणवून घेतलं. मग मला माझी 'च्च' करून दाखवावी लागली. दोघींना ती फार आवडली.

रात्री मावशीला फोन केला. मी येत नाही, कारखान्यात लागतेय, असं सांगितलं. तिथे काम काय, असं तिने विचारलं.

"आलेले फोन घ्यायचे."

"तू?" मावशी म्हणाली. "फोनवर बोलणार?"

तिचं हसू आवरेपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, सोमवारपासून.