एक तारा, एक घागर

संशोधन करणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करून बघा. त्याचा एक पेपर निघेपर्यंत आपल्याकडे दहा किस्से जमतात! मी लातूरच्या एका कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, तेव्हाचे हे. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. आमचे कांबळे सर मात्र सात वर्षं एकाच ताऱ्याच्या मागे लागलेले.

हा तारा म्हणजे खरं तर जोडी. दर काही दिवसांनी एक दुसऱ्याच्या आड जातो आणि उजेड कमी होतो. या ग्रहणाची वेळ हळूहळू सरकते आहे, असं सरांचं म्हणणं. रेणापूरजवळच्या आपल्या गावी, पत्र्याच्या खोलीत, कॉलेजच्या दुर्बिणीला कॅमेरा लावून ते काचेच्या प्लेटवर त्याचे फोटो घ्यायचे. प्लेट धुवायला पाणी लागतं, आणि तिथंच घोडं पेंड खायचं.

*

नव्या कचेरीतून फॉर्म आला. संशोधनाचा आउटपुट किती? सरांनी लिहिलं, "एक तारा."

प्राचार्य खवळले. "सात वर्षांत एकच? अहो, लोक वर्षाला तीन पेपर काढतात!"

"साहेब, तारा माझ्या सोयीनं ग्रहण लावून घेत नाही."

"मग या वर्षी पेपर निघाला नाही, तर दुर्बीण कपाटात!"

प्राचार्य हसत नव्हते. त्या दिवसापासून आमची झोप उडाली.

*

आमचा शिपाई शिवाप्पा टँकरचं पाणी फडक्यानं गाळून आणायचा. एकदा प्लेटवर, जिथं आजवर काही नव्हतं तिथं, ठसठशीत काळा ठिपका दिसला. निगेटिव्हवर तारे काळेच दिसतात. नवा तारा! त्यांनी तारेचा मजकूर लिहिला आणि मला पोस्टात पिटाळलं.

मी दारातच होतो. शिवाप्पानं वाळलेली काच उजेडात धरली. "सर, ह्यो तारा न्हाई. ह्यो तळ्यातला गाळ हाय!"

नखानं खरवडला, तर निघाला. सरांनी माझ्या हातातला तारेचा कागद घेऊन फाडून टाकला.

*

सरांनी शेवटी पेपर पाठवला होता, त्या मासिकाच्या संपादकांनी उत्तर टाकलं ते जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर. फिरत फिरत आमच्याकडे यायला महिना गेला. पाकिटावर इतके शिक्के, की सरांचं नाव शोधावं लागलं.

"आकाशातला पत्ता सात वर्षं चुकला नाही," सर म्हणाले, "जमिनीवरचाच बदलला!"

आत लिहिलं होतं, याच हंगामातलं आणखी एक ग्रहण प्लेटवर पकडून दाखवा, मग छापू. सरांनी हिशेब मांडला. तारा सूर्याआड जाऊन हंगाम संपण्याआधी एकच ग्रहण उरलं होतं, आठ दिवसांनी, मंगळवारी.

*

ते आठ दिवस गाव आभाळाकडे बघायचं आणि सरही. गावाला ढग हवे होते, सरांना नको होते. एका म्हाताऱ्यानं सरांना बसमध्येच गाठलं.

"सर, तुमीच आभाळ बांधून ठिवलंय म्हनं! दुर्बीन लावली तवापासून ढग न्हाई."

बसमध्ये कुणीच हसलं नाही.

"काका, मीही पाऊसच मागतो," सर शांतपणे म्हणाले. "फक्त मंगळवार सोडून!"

*

मंगळवारी आभाळ निरभ्र. ग्रहण सापडलं! पहाटे प्लेट औषधातून काढली आणि शिवाप्पानं रांजण उपडा करून दाखवला. आदल्या दिवशी टँकर आलाच नव्हता. काच धुतली नाही, तर औषध तिच्यावरच वाळतं आणि फोटो खराब होतो. ओल्या काचेला नुसतं बोट लागलं, तरी तारे निघून येतात. सात वर्षं पाण्यावाचून जाणार!

सर काच ट्रेमध्ये घेऊन विहिरीकडे निघाले. गावात तेवढ्या एकाच विहिरीला पाणी उरलं होतं.

सरांचे वडील छप्पन्न साली बौद्ध झालेले. तरी सर लहान असताना त्यांच्या आईला याच विहिरीपासून लांब उभं राहावं लागे. कुणी वरून ओतलं, तरच तिची घागर भरायची. ओतणाऱ्यांत सोनाबाई असायच्या. आता त्या सत्तरीच्या, आणि रांगेत सगळ्यात पुढे.

"काय रं लक्ष्मन, काय घेऊन आलास?"

"तारा आहे, मावशी. एक घागर पाणी लागेल. आत्ताच."

रांगेत कुजबुज सुरू झाली. रात्रीपासून नंबर लावून बसलेली माणसं ती. सोनाबाईंनी काचेकडे बघितलं, मग सरांकडे. कमरेवरची भरलेली घागर त्यांनी खाली ठेवली आणि ट्रे धरायला हात पुढे केला.

सर झटकन मागे सरले.

"हात लावू नका, मावशी! लांबूनच, वरून ओता."

सोनाबाईंनी हात मागे घेतला, घागर उचलली आणि ती रिकामी होईस्तोवर वरून ओतत राहिल्या.