डोळे मिटून ऐका, मग सहमत व्हा

तीन रिटायर्ड माणसं एकत्र बसली की किस्से आपोआप साठतात. त्यांना मात्र वाटतं, ज्ञान साठतंय.

दिल्लीच्या द्वारकेत बापट काकांच्या फ्लॅटवर दर रविवारी सकाळी रिदम अँड ब्लूजच्या जुन्या अमेरिकन गाण्यांची बैठक असते. एकच गाणं, दोन गायक. डोळे मिटून ऐकायचं आणि कोण भारी ते सांगायचं. रेकॉर्ड मी लावतो, कारण मी इंजिनिअरिंग सोडलंय आणि यांच्या मते रिकामा आहे.

मत मांडायचं तेही पदानुसार! बापट काका जॉइंट सेक्रेटरी होते, म्हणून आधी ते. मग फरीदाबादचे परेरा काका, कारखान्यात मॅनेजर होते. शेवटी माझे बाबा, सेक्शन ऑफिसर. बाबांचं आजवरचं मत एकच: "सहमत."

*

एकदा बापट काकांनी नवी रेकॉर्ड आणली आणि मला हात लावू न देता स्वतः लावली. ऐकून म्हणाले, काय कोवळा आवाज, पोरगा बारा-तेराचा असणार. परेरा काकांनी री ओढली. बाबा सहमत.

मी उठून पाहिलं तर प्लेअर भलत्याच स्पीडवर. स्पीड कमी केला तर आतून एक दणकट बाप्या गायला लागला.

काका जराही हलले नाहीत. "हं, आता आवाज फुटला."

*

परेरा काका मूळचे वसईचे, लहानपणी चर्चमध्ये गायलेले. एका बाईची लांबलेली तान ऐकून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, ही शुद्ध प्रार्थना आहे, दुसरीला हे जमणार नाही.

मी शब्द सांगितले. बाई एका लग्न झालेल्या माणसाला मागच्या दारानं बोलावत होती.

काकांनी चष्मा पुसला. "प्रार्थनाच आहे. पत्ता फक्त वेगळा."

*

एकदा मी मुद्दाम एकाच गायिकेचे दोन टेक लावले. एकच गाणं, एकाच दिवशी दोनदा रेकॉर्ड केलेलं. बापट काकांनी भाषणच ठोकलं: पहिलीनं आयुष्यात सोसलंय, दुसरी तिची नक्कल करतेय, आणि तीही वाईट. अशा माणसांनी देशाच्या फायली हाताळल्यात, यार.

मी खरं काय ते सांगितलं.

"मग मधे जेवण झालं असेल," काका म्हणाले. बाबा सहमत.

*

आता गेल्या महिन्यातला किस्सा. बाबांनी मला बजावलं होतं, जुलैत पुन्हा कॉलेजात ॲडमिशन घे, नाहीतर बँड विसर. गुडगावच्या ज्या बँडमध्ये मी गातो त्याचं एकही गाणं त्यांनी ऐकलेलं नाही. मी घरी लावलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

म्हणून त्या रविवारी दोन मोठ्या गायकांच्या पाठोपाठ मी फोन स्पीकरला जोडला आणि तिसरं आमचं लावलं. तेच गाणं, मी गायलेलं. डोळे सगळ्यांचे मिटलेले.

बापट काका म्हणाले, पहिला. तिसरा कच्चा आहे, नुसता ओरडतो. परेरा काका म्हणाले, बिल्कुल, पहिलाच. मग दोघंही बाबांच्या 'सहमत'ची वाट बघत बसले.

"तिसरा," बाबा म्हणाले.

बापट काकांनी चमकून विचारलं, त्यात काय ऐकलंस तू?

"पहिले दोघं गातायत. ह्याचं घरी कोणी ऐकून घेत नसणार."

बाबांनी डोळे न उघडताच माझ्या दिशेनं हात हलवला.

"परत लाव."