नॅपकिनवरचा कप

नंदिनी गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला, तोसुद्धा नॅपकिनवर, आवाज न करता. ही सवय तिनेच लावलेली.

वर्तकनगरच्या कॉलनीत आम्ही एकाच जिन्यावर वाढलो. विशीत माझ्या डोळ्यांच्या नसा सुकल्या आणि दिसायचं बंद झालं. तेव्हापासून ती मला पेपर वाचून दाखवायची, वाईट बातम्यांसकट, काही न गाळता. पुढे ती मेंदूची शास्त्रज्ञ झाली. चष्म्यातल्या कॅमेऱ्याला जे दिसेल ते डोळ्यांना वळसा घालून थेट मेंदूला कळवायचं... यात तिची उभी हयात गेली. माणसांवर चाचणी करायची परवानगी मिळाली, तेव्हा मी आपणहून नाव दिलं आणि डोक्यात तो चिमुकला तुकडा बसवून घेतला. मला पुन्हा काहीतरी बघायचं होतं, बाकी काही नाही.

कोपरच्या आमच्या घरी ती दर शनिवारी यायची. टेबलावर कप ठेवायची. डावीकडे की उजवीकडे, ते मी सांगायचं आणि तिने वहीत लिहायचं. पहिले दोन महिने नुसता अंधार. तिसऱ्या महिन्यात माझी उत्तरं धडाधड बरोबर यायला लागली. ती इतकी खूश, की माझ्या बायकोला, शुभाला, तिने शिरा करायला लावला. पुढच्या शनिवारी तिने कपाखाली नॅपकिन घातला आणि माझी निम्मी उत्तरं चुकली.

"अरे विलास, तू कानांनी बघत होतास?"

"तुला बरं वाटावं म्हणून गं."

"मला बरं वाटून कुणाला दिसणार आहे?"

त्या महिन्याचं सगळं तिने वहीतून खोडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र येत राहिली, नॅपकिन घेऊन. दिवाळीच्या सुमारास एकदा काहीतरी लुकलुकलं.

"डावीकडे... बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेक चालेल," ती म्हणाली. रडत होती, हे मात्र मी कानांनीच ओळखलं.

शेवटचं भेटलो ते ती आजारी पडली तेव्हा, ठाण्याच्या हॉस्पिटलात. मी चष्मा लावूनच गेलो होतो.

"कशी दिसतेय रे मी?"

छान, असं अगदी जिभेवर आलं होतं. "तीन-चार ठिपके आहेत. त्यात तू कुठली, ते कळत नाही."

"शाब्बास," ती म्हणाली. तेवढं तरी खरं मी तिला देऊ शकलो, याचं मला समाधान आहे.

आता शुभा दर शनिवारी नॅपकिनवर कप ठेवते आणि वहीत लिहिते. काल मी डावीकडे म्हणालो. ती जरा थांबली, मग म्हणाली, "बरोबर." मी हात पुढे केला. कप उजवीकडे होता.

"चूक लिही," मी म्हटलं. "नंदिनीची वही आहे ती."