ढेऱ्याचं पथ्य

मास्तरांच्या दुकानात हजामत कशी होईल याची हमी मिळायची, पण ढेऱ्याच्या पोटाची हमी ब्रह्मदेवालाही देता आली नसती. ढेऱ्या म्हणजे दुकानाच्या दारात आडवा पडलेला, पायपुसण्याच्या रंगाचा कुत्रा. आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाने मलईचा केक बाकावर ठेवला आणि दाढीसाठी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा केक गायब, खोकं अर्धं, आणि ढेऱ्या मिशांना मलई लावून साधूसारखा बसलेला! त्यानंतर त्याच्या पोटाने जे काही केलं ते फरशीने सोसलं आणि मास्तरांनी पुसलं.

सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून बजावलं, "दुपारपर्यंत खायला काही नाही. पाणी थोडं थोडं. मग नुसता मऊ भात, दोन घास. दूध नको, बिस्किट नको, तेलातुपाचं तर नावच काढू नका. अंगातलं पाणी कमी झालंय. उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल."

तोंडाने मास्तर ढेऱ्याला दिवसभर 'मेल्या' म्हणत, पण पिंजऱ्यात, हातापायांना नळ्या लावलेला ढेऱ्या डोळ्यांसमोर आला आणि घरी येईपर्यंत त्यांनी त्याला कडेवरून खाली ठेवलं नाही.

दुकान उघडलं तशी सल्ल्यांची रीघ लागली. आजवर मास्तरांनी प्रत्येक दाढीबरोबर एक सल्ला फुकट दिला होता. गिऱ्हाइकांनी आज सगळे व्याजासकट परत केले.

"दूध पाजा हो, पोट धुऊन निघतं," पोस्टमन म्हणाला.

"अंडं फोडून घाला," शेजारचा शिंपी म्हणाला. "माझ्या मेव्हण्याला लागू पडलं होतं."

"तुमचा मेव्हणा खोकं खातो का?" मास्तर कातरी आपटून म्हणाले. "या कुत्र्याला कुणी काही घालायचं नाही. काहीही! हात जोडतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दुपार व्हायच्या आत ढेऱ्या ओकला. त्यात बिस्किटाचे तुकडे होते, मधल्या गुलाबी क्रीमसकट.

मास्तरांनी फडकं जमिनीवर आपटलं. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आता संध्याकाळपर्यंत पुन्हा पोट रिकामं ठेवा. आणखी एकदा झालं तर मात्र सरळ उचलून घेऊन या. आणि मास्तर, घरात चोर कोण आहे ते आधी शोधा."

चोर शोधायचा कसा? मास्तरांची पाठ कायम दाराकडे आणि हात कायम दुसऱ्याच्या मानेवर. पण समोर आरसा होता. बँकेतल्या कारकुनाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून मास्तर आरशात बघत राहिले. बाकावर अप्पा बसले होते. अप्पा म्हणजे मास्तरांचे वडील. चाळीसएक वर्षं याच खुर्चीमागे उभे राहिलेले, आता वर्तमानपत्र वाचायच्या निमित्ताने दुकानात बसून मुलाच्या कामातल्या चुका काढणारे. आरशातलं वर्तमानपत्र हललं नाही, पण त्याच्याखालून एक हात निघाला, खिशात गेला आणि अलगद बाकाखाली सरकलेल्या ढेऱ्याच्या तोंडाशी उतरला.

मास्तरांनी आरोळी ठोकायला तोंड उघडलं. पण ओरडले असते तर कारकून दचकला असता आणि बँकेला दुसरा कारकून शोधावा लागला असता. म्हणून मास्तर अंगाईच्या सुरात म्हणाले, "अप्पा, हात वर."

कारकुनाने घाबरून दोन्ही हात वर केले.

वस्तरा बाजूला ठेवून मास्तर धावले, ढेऱ्याचा जबडा उघडून ओलं बिस्किट बाहेर ओढलं आणि मग मात्र गरजले, "अप्पा! सकाळचंही तुमचंच ना?"

"अर्धंच होतं रे," अप्पा म्हणाले. "तो बघत होता माझ्याकडे."

"तो भिंतीकडेही तसाच बघतो! भिंत काढून देते का बिस्किट?"

"उपाशी ठेवून जीव घेशील मुक्या जनावराचा."

"तुमच्या दयेनेच मरेल तो! घरी जाता का?"

"नाही जाणार. दुकान माझं आहे."

हे खरं होतं, म्हणूनच मास्तरांचं डोकं आणखी फिरलं. त्यांनी कारकुनाचा उरलेला गाल उरकला, त्याला उठवलं आणि खुर्ची झटकली. "या अप्पा, दाढी करतो."

"सकाळीच केलीय."

"ती मी केली होती. तुम्हीच म्हणालात ना, गुळगुळीत नाही झाली?"

एवढं ऐकल्यावर अप्पांना राहवेना. ते रुबाबात खुर्चीत बसले. मास्तरांनी मानेभोवती कापड आवळलं, दोन्ही हात आत, आणि तोंडभर फेस फासला. मग दाढी सुरू झाली. एकदा, पुन्हा, मग गरम पाण्याचा टॉवेल, मग पुन्हा फेस. बाकावरची गिऱ्हाइकं घड्याळ बघत एकेक करून उठून गेली. शिंपी दारातून डोकावून म्हणाला, "अहो, कातडं तरी ठेवा म्हाताऱ्याचं!" मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो अंड्याचा विषयही न काढता परतला.

दिवेलागणीला बायकोने भात आणून दिला. ढेऱ्याने तो हुंगला, एवढाच का म्हणून मास्तरांकडे पाहिलं आणि दोन घास गिळले. मास्तर ब्रश हातात धरून त्याच्या पोटाकडे टक लावून बसले. पोट गुरगुरलं. मास्तरांनी दुसऱ्या हाताने फडकं जवळ ओढलं. पण ढेऱ्या नुसता वळला, पाय ताणून आडवा झाला आणि घोरू लागला. भात आत राहिला.

"बघ, ठणठणीत झाला," फेसातून अप्पा म्हणाले. "आता एक अर्धं बिस्..."

मास्तरांनी ब्रश सरळ त्यांच्या तोंडावरून फिरवला.