कोचच्या घराचं छप्पर

मी लहान असताना आम्ही नागपूरहून अमेरिकेत, प्लेनोला आलो. शाळेत इथला फुटबॉल हाती आला, हातात धरून पळायचा आणि फेकायचा तो, आणि कॉलेजात मी क्वार्टरबॅक झालो. सगळ्या टीमचा खेळ क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो, म्हणून हरल्यावर शिव्याही त्यालाच. गणपतीला भेटणारे काका हसून विचारायचे, "अजून बॉलच फेकतोस का रे?" मी भारतीय, म्हणून कोच मला "कंप्युटर" म्हणायचा. माझं नाव त्यानं कधीच उच्चारलं नाही.

२००४च्या सीझनमध्ये माझा खांदा निखळला. डॉक्टर नको म्हणत होते. कोचनं इंजेक्शन द्यायला लावलं आणि पुढच्या मॅचला मला उतरवलं. हात वर जाईना. मी फेकलेले बॉल समोरच्या टीमच्या हातात पडत होते आणि आमचेच लोक माझी हुर्यो उडवत होते. नंतर कोचनं टीव्हीवाल्यांना सांगितलं, "खांदा ठणठणीत आहे. पोरातच दम नाही."

घरी बाबांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "झालं समाधान? आता तरी अभ्यास कर." त्या दिवशी मला दोघांचाही सारखाच संताप आला होता.

ऑपरेशन झालं, खेळ संपला. डिग्रीनंतर एका इन्शुरन्स कंपनीत लागलो. गारपीट झाली की लोकांच्या छपरांवर चढायचं आणि नुकसान गारांनीच झालंय का ते बघायचं. घरोघरी कुणीतरी ओळखायचंच. "तूच ना रे, ती मॅच घालवणारा?" मी दात आवळून शिडी लावायचो.

२००७च्या गारपिटीनंतर एका घराचं दार उघडलं, तर समोर कोच.

"अरे, कंप्युटर! बरं झालं, आपलाच माणूस आला. अख्खं छप्पर नवं करून दे."

मी वर चढलो. गारांचा एकही व्रण नव्हता. छप्पर उन्हानं जुनं होऊन वाळलं होतं, इतकंच. खाली येऊन तसं सांगितलं.

"एवढंही करणार नाहीस माझ्यासाठी?" तो लालबुंद झाला. "तुझ्यात तेव्हाही दम नव्हता."

"खांदा निखळला होता. तुम्हाला माहीत होतं."

"खेळायला तर तूच उतरलास ना!"

इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळे नसतात. पण मी मराठीतून, मोठ्यांदा, त्याला अरेतुरे करून दोन शब्द ऐकवले. त्याला अर्थ कळला नाही, पण सूर कळला असावा. त्यानं माझी शिडी लाथेनं आडवी केली आणि दार आपटलं.

त्यानं कंपनीत तक्रार केली. कॉलेजच्या टीमचा भक्त असलेला दुसरा माणूस गेला आणि त्यानं नव्या छपराचे पैसे मंजूर केले. बॉस मला म्हणाला, "लेट इट गो, यार. म्हातारा माणूस आहे."

मी काही लेट गो केलं नाही. त्याच आठवड्यात नोकरी सोडली आणि बॉसनं माझ्या निरोपाला आणलेल्या केकला हातही लावला नाही.