एका चॅनलवरची दोन माणसं

बदलापुरातल्या त्या छोट्या हॉस्पिटलात पेशंटच्या गळ्यात अडकवायच्या पाच डब्या होत्या. डबीच्या वायरी छातीला चिकटवल्या की काळजाची रेघ बिनतारी पोचायची ती सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर. ठोके बिघडले की पडदा बोंब मारायचा. चार डब्या नव्या. पाचवी डॉक्टरांनी उल्हासनगरातून जुन्या मालातली उचललेली, आणि ती नेमकी दोन नंबरच्याच चॅनलवर चालायची. दोन्ही चालू केल्या की रेघांची खिचडी. "चॅनल चेंज करके देगा, साईं," म्हणणारा दुकानदार पुन्हा फिरकला नाही. डॉक्टरांनीही मनावर घेतलं नाही. आलटून पालटून लावा म्हणाले, झालं!

हे काम संजीवनी आयाकडे आलं. ती घड्याळ बघत नसे. कुणाला घाम फुटलाय, कुणाचे पाय गार पडलेत ते बघायची आणि ज्याचं दुखणं जास्त त्याची डबी जास्त वेळ चालू ठेवायची. याच्यावरून वॉर्डात कधी भांडण झालं नाही.

मग दोन नंबरवर तिचे स्वतःचे वडील आले. धर्मराज, कारखान्यातून रिटायर झालेले, अबोल. पाच नंबरवर चामटोलीची बनूबाई होती. तिची तब्येत सुधारत होती, पण लेक मुकेश धास्तावलेला.

"मावशी, आईची मशीन सारखी बंद का करता?" तो सगळ्यांसमोर तडकला. "ते दोन नंबरवाले ओळखीचे आहेत का तुमचे?"

बाप आहे, हे संजीवनीने सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिने घड्याळ लावून सारख्या पाळ्या सुरू केल्या.

सिस्टर म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांचं जास्त आहे. त्यांची राहू दे ना चालू."

"नको सिस्टर. आयाने बापाची सोय लावली म्हणतील."

धर्मराजांनाही ते पटलं. "त्या बाईला दे बाय. मी आहे ठीक," म्हणाले. त्यांचे पाय गार होते. ते तिच्या हाताला कळलं होतं, तरी तिने त्यांची डबी बंद केली.

दुपारी बनूबाईची पाळी चालू होती. पडद्यावर तिची रेघ छान चालली होती. संजीवनी चादरी बदलून आली, तेव्हा धर्मराज गेले होते. बोंब मारायला त्यांच्या गळ्यातली डबी चालूच नव्हती.

ती बापाच्या छातीवरच्या वायरी सोडवत होती, तेव्हा मुकेश मागे येऊन उभा राहिला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याने हात जोडले.

"मावशी, माफ करा. मला ठाऊक नव्हतं. सख्खा बाप असून तुम्ही आपलं-परकं केलं नाही."

"केलं," संजीवनी म्हणाली. "परका असता तर मी त्याची डबी बंद केलीच नसती."