पहिल्या तासाची पंगत

डायलिसिसच्या पेशंटच्या अंगात पाणी साचतं, ते मशीन काढतं. पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास बाहेर बाकड्यावर बसणाऱ्याच्या डोक्यात किस्से साचतात, ते कोण काढणार? म्हणून सांगतो. वैतागून सांगतोय, हे आधीच लक्षात घ्या.

मी सुनील, आईचा एकुलता एक. आई सत्तरीची, मूळची वर्ध्याकडची. घाटकोपरच्या सेंटरमध्ये तिचा बेड दोन नंबरचा. एक नंबरवर जयाबेनचे मिस्टर, तीनवर शकीलभाईचे अब्बा. शकीलभाईचं कुर्ल्याला गॅरेज आहे आणि तो माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. तीन घरांची ही ओळख झाली ती केवळ मशीनं शेजारी होती म्हणून!

*

तिसऱ्याच आठवड्यात आईने जाहीर केलं, "मले नाही यायचं तिथं. तुहा सारा पगार त्या मशीनीत घालाले कायले येऊ?"

मी समजावलं, ओरडलो, शेवटी हात जोडले. मशीन बंद म्हणजे काय, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला झोप लागेना. कशीबशी एकदा आणली, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली.

जयाबेन आत गेल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, "आई, मशीन लागलं ने, की पहिला तास आपला! जे बंद आहे ते थोडं खाऊन घ्यायचं. मशीन सगळं खेचून घेतं."

आजार कळल्यापासून पथ्यामुळे दोन महिने टोमॅटो न बघितलेल्या आईने टोमॅटोची एक फोड खाल्ली. डोळे मिटून खाल्ली. मी धावत डॉक्टरांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "एखादी फोड चालेल. पण माझं नाव सांगू नका!"

पुढच्या वेळी मी उठलो तेव्हा आई चप्पल घालून दारात बसली होती. चार डॉक्टर आणि एक मुलगा मिळून जे जमलं नाही, ते एका फोडीने केलं. मला आनंद झाला की अपमान वाटला, अजून ठरत नाही.

*

डाएटचा कागद मिळाला. त्यात पहिलंच लिहिलेलं, बटाटा बंद.

जयाबेन जैन. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्यात पहिल्यापासून बंद! डॉक्टरला आत्ता कळलं!"

तेव्हापासून त्या आमच्या सगळ्यांच्या डब्यांची तपासणी करतात. शकीलभाईच्या घरी आलू-गोश्तमधून आलू गेला. गोश्तबद्दल विचारलं तर जयाबेन खिडकीकडे बघत म्हणतात, "कागदावर बटाटा लिहिलाय. बाकीचं मी वाचलं नाही."

*

आईला आराम मिळावा म्हणून मी स्वयंपाकाला बाई लावली. तर मशीनच्या दिवशी सकाळी आई त्या बाईला बाजूला बसवते आणि स्वतः ज्वारीच्या भाकरी थापते. किती? बारा! आमच्या दोघांच्या चार, अब्बांच्या चार, जयाबेनच्या मिस्टरांच्या दोन, वर सिस्टरच्या दोन.

मी म्हणालो, "आई, तू पेशंट आहेस का कॅटरर?"

"दोन्ही," ती म्हणाली. "तू पीठ आण."

*

एकदा आईचं रक्त वाढवायचं इंजेक्शन शकीलभाईने परस्पर आणलं. पैसे द्यायला गेलो, तर "छोड ना यार!" मी पाचशेच्या नोटा जबरदस्तीने त्याच्या खिशात कोंबल्या. त्याने त्यातली एक जयाबेनच्या रिक्षासाठी दिली. जयाबेननी ती आईच्या उशाखाली शगुन म्हणून ठेवली. आईने शकीलभाईच्या मुलीला बुटांसाठी दिली.

संध्याकाळी शकीलभाईचा फोन, "सुनील, आईने इतना क्यूं दिया? तू समझा उसको."

अरे, माझेच पैसे आणि समजवायचं पण मीच! आणि त्याने तिला 'आई' म्हणायला कधी सुरुवात केली, तेही मला कोणी विचारलं नव्हतं. आता दोघांनी एकदम हाक मारली तर ती आधी त्याला ओ देते.

*

माझ्या रजा संपल्या. मालाडच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला, तर जयाबेननी तो माझ्या हातातून घेतला. "मी सुनीलची काकी बोलते. तुम्हाला आई आहे की नाही?" आणि फोन ठेवला! साहेब हल्ली आधी काकींची तब्येत विचारतात, मग माझं काम काढतात.

पण नोकरी टिकवायची तर जावं लागणारच होतं. "तू जा रे, हम हैं ना," शकीलभाई म्हणाला. आईला त्यांच्यावर सोडून मी गेलो.

आणि नेमक्या त्याच दिवशी मीटिंग संपवून बाहेर येतो, तर चौदा मिस्ड कॉल! आईच्या हातातली सुई लावायची जागा बंद पडली होती, ताबडतोब छोटं ऑपरेशन करायचं होतं. मालाडहून घाटकोपरपर्यंत रिक्षात मी रडत होतो, लाज सोडून.

काउंटरवर पोचलो. "दोन नंबरच्या पेशंटचा मुलगा. सही कुठे करायची?"

काउंटरवरच्या मुलीने कागद बघितला. "ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मुलाने सही केलीये."

कागदावर लिहिलं होतं, 'शकील. पेशंटशी नातं : मुलगा.' खाली साक्षीदार, 'जया. नातं : बहीण.'

"अहो मॅडम, मी एकुलता एक आहे!"

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सरळ आत घेऊन गेली. आईचा हात पट्टीत होता. जयाबेन चमच्याने तिला खिचडी भरवत होत्या. शकीलभाई पायाशी उभा होता, माझ्याकडे बघायचं टाळत.

"आजी, हे स्वतःला तुमचा मुलगा म्हणवतात. खरं का?"

आईने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंडातला घास सावकाश गिळला.

"हो," ती म्हणाली. "हा धाकटा."